'शेजारधर्म', अंक बावन्नावा

रघुजी अमोलिक कोण, असं शालनअक्काला कधी विचारू नये. विचारलंतच तर आधी घरी फोन करून सांगा, की जेवायला माझी वाट बघू नका. बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहणारी ही बाई एकाहत्तर वर्षांची. छत्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्ड सांभाळला, लग्न केलं नाही, कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. भाजीवाल्यापासून चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत सगळे तिला टरकून असायचे. पण पणजोबांचा विषय निघाला, की बाईचा आवाज मऊ व्हायचा आणि मान ताठ.

आणि माणूस होताच तसा. सव्वाशे वर्षांपूर्वी कँटोन्मेंटमध्ये मिशनच्या शाळेत मास्तर, पगार बेताचा, तब्येत त्याहून बेताची. तरी पठ्ठ्यानं 'शेजारधर्म' नावाचं मराठी साप्ताहिक काढलं, तेही बेंगळुरात! बरोबर एक वर्ष चाललं. त्या एका वर्षात त्यानं कुणाला म्हणून सोडलं नाही. गोऱ्या साहेबाला लिहिलं, की रविवारी तुमच्या चर्चची घंटा वाजते आणि सोमवारी तुमच्याच रस्त्यावर आमची माणसं वेठीला धरली जातात, तेव्हा तुमचं राज्य ख्रिस्ती आहे ही गोष्ट आम्हांला कृपा करून सांगू नका. आपल्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, लोकांना लिहिलं, की बाप्तिस्मा ही बढती नव्हे, नेमणूक आहे. काम तिथून पुढे सुरू होतं. शेवटी सगळ्यांना मिळून सांगितलं, की कर्तव्याला बाप्तिस्मा लागत नाही, बाप्तिस्म्याला मात्र कर्तव्य लागतं. काय बिशाद कुणाची उत्तर द्यायची!

शालनअक्काला सगळ्यात आवडायचं ते मात्र वेगळंच वाक्य. स्वर्गाच्या आशेनं केली ती मजुरी, नरकाच्या भीतीनं केली ती वेठ. शेजाऱ्याला गरज आहे एवढ्याचसाठी जे केलं, तेच कर्तव्य. वॉर्डात नवी पोरगी कामाला लागली की पहिल्या दिवशी अक्का तिला हे ऐकवायची, आणि दुसऱ्या दिवशी बेडपॅन उचलायला लावायची.

आता एवढा अभिमान कशापायी, असं कुणी म्हणेल. त्याला कारण होतं. बेंगळुरात मराठी ख्रिस्ती असणं म्हणजे दोन घरचा पाहुणा असणं. मराठी लोकांत गेलं, की "अमोलिक? म्हणजे कुठले?" असं होतं, आणि मग कळल्यावर "अच्छा, अच्छा." त्या दुसऱ्या 'अच्छा'मध्ये काय असतं ते ज्याला ऐकावं लागतं त्यालाच ठाऊक. चर्चमध्ये जावं तर तिथं सगळी तमिळ नाहीतर कन्नड उपासना, मराठीच्या वाट्याला महिन्यातून एक रविवार, तोही टळटळीत दुपारी. अशा वेळी "आम्ही रघुजींचे" म्हणायला मिळतं हा फार मोठा आधार असतो. दुसरं काय होतं अमोलिकांकडे?

रघुजींच्या घराण्यात एक चाल होती. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे त्यांच्या स्मरणदिवशी, सगळं घर एकत्र जमायचं, आणि जेवणाआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं रघुजींचा एक लेख मोठ्यानं वाचायचा. पण वाचण्याआधी उभं राहायचं, आणि त्या वर्षात आपल्या हातून चुकलेलं एक कर्तव्य बोलून दाखवायचं. ज्याच्याशी चुकलं त्याच्या नावासकट! "देवा, मी पापी आहे" असलं मोघम चालत नसे. पाप्याला पत्ता लागतो, असं शालनअक्काचे वडील म्हणायचे. एका काकांनी म्हणे सात वर्षं ओळीनं एकच सांगितलं, की शेजारच्या मुदलियारांची शिडी परत द्यायची राहिली. आठव्या वर्षी मुदलियार स्वतःच येऊन शिडी घेऊन गेले. ही चाल कुणी पाडली, का पाडली, कुणालाच माहीत नव्हतं.

तर अशा या घरात मागच्या वर्षी भार्गवी आली. भार्गवी सहस्रबुद्धे, पुण्याची, वय एकोणतीस, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा पगार मिळतो म्हणायची. एका जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात तिला 'शेजारधर्म'चे अंक सापडले, आणि पोरगी त्यात अशी अडकली की शनिवार-रविवार दुसरं काही करेना. स्वतः एकेक पान टाइप केलं, मराठी मंडळातल्या चार लोकांच्या मागे लागून प्रकाशक गाठला, आणि मग पत्ता काढत काढत शालनअक्काच्या दारात उभी राहिली.

"मावशी, ॲक्च्युअली मला विश्वासच बसत नाही. एकोणीसशे सहा साली हा माणूस इतकं क्लिअर लिहितोय! आणि आम्हांला शाळेत कुणी याचं नावसुद्धा सांगितलं नाही."

"स्वल्प बस तरी," अक्का म्हणाली. "आधी चहा घे. मग रड."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. ख्रिस्ती नाही, नात्याची नाही, अशी एक मुलगी आपल्या पणजोबांसाठी डोळे फोडून घेते, याचं अक्काला इतकं अप्रूप, की तिच्यासाठी दर शनिवारी नारळीभात व्हायचा. बाजारात ओळख करून देताना "ही आमची भार्गवी, रघुजींचं पुस्तक करतेय," असं म्हणायची, आणि 'रघुजींचं' या शब्दावर जरा थांबायची, समोरच्यानं विचारावं म्हणून.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी भार्गवी आली ती तोंड पाडूनच.

"मावशी, एकच गाठ सुटत नाहीये. माझ्याकडे एक्कावन्न अंक आहेत. एक्कावन्नाव्याच्या शेवटी लिहिलंय, 'पुढील अंकी माझी एक कबुली.' आणि बावन्नावा अंक कुठेच नाही. दहा तारखेला, सोमवारी, पुस्तक प्रेसला जाणार. तुमच्याकडे घरात काही...?"

शालनअक्कानं चहाचं पातेलं उतरवलं. पाठ भार्गवीकडेच ठेवून म्हणाली, "होता. वाळवीनं खाल्ला. माझ्या वडिलांच्या वेळेसच."

"अरेरे," भार्गवी म्हणाली, आणि इतक्या सरळ मनानं म्हणाली की अक्काला चटका बसला.

कारण वाळवीबिळवी काही नव्हती. बावन्नावा अंक तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली, मेणकापडात गुंडाळून ठेवलेला होता. नर्सिंगची परीक्षा पास झाली त्या वर्षी वडिलांनी तिला तो दाखवला. म्हणाले, "तू थोरली, तुला माहीत हवं." तिनं वाचायला सुरुवात केली, पहिला स्तंभ संपेपर्यंत वडिलांनीच अंक हातातून काढून घेतला. "बास. एवढं पुरे. हे कुणाला दाखवायचं नाही, बाई. घराण्याची अब्रू आहे." पुढे वडील गेले, अंक तिच्याकडे आला, आणि एकोणपन्नास वर्षांत तिनं त्याची घडी उघडली नाही. पहिला स्तंभच इतका जड होता, की दुसऱ्याकडे जायचा धीर झाला नाही. वॉर्डात माणसं मरताना बघितलेली बाई, पण या एका पानाला भ्यायची.

त्या पहिल्या स्तंभात असं होतं. प्लेगच्या साली मंडळीतली माणसं पटापट मेली. प्रेतांना हात लावायला कोणी तयार होईना. तेव्हा लष्कराच्या लाइनीत पायखाने साफ करणारा एक नवख्रिस्ती, शिद्राम दानियल, पुढे आला. त्यानं एकट्यानं सत्तावीस प्रेतं आपल्या खांद्यावर घालून कबरस्तानात नेली, खड्डे खणले, पुरली. अठ्ठाविसावा तो स्वतः गेला. आणि तो गेल्यावर मंडळीनं ठराव केला, की भंग्याला आपल्या माणसांच्या शेजारी पुरता येणार नाही. त्याला कुंपणाच्या बाहेर, रस्त्याकडेला पुरलं. त्या ठरावाखाली कबरस्तान समितीचे चिटणीस म्हणून सही होती रघुजी अमोलिक यांची.

आता सांगा, हे कुणाला दाखवायचं? वेठबिगारीवरून सरकारला झोडपणारा, बाप्तिस्म्याला नेमणूक म्हणणारा माणूस, आणि त्याची ही सही!

भार्गवी गेल्यावर अक्कानं स्वतःची समजूत घातली. पोरीचं काय बिघडणार आहे? एक्कावन्न अंक आहेत की. माणसाच्या नावावर एक्कावन्न चांगल्या गोष्टी असताना बावन्नावी वाईट मुद्दाम कशाला उकरायची? आधीच लोक टपलेले. एक बाजू म्हणेल, बघा, यांच्यातही जात आहेच, मग धर्म बदलून मिळवलं काय? दुसरी बाजू म्हणेल, आमच्या चर्चची बदनामी. मधल्या मधे रघुजी मरणार, या वेळी कायमचे. समजूत तशी चांगली होती, पण आठवडाभर काही पचेना. भाजीवाल्याला तिनं दोनदा उगाचच झापलं.

स्मरणदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, शनिवारी, तिनं भार्गवीला फोनवर सांगितलं, उद्या जेवायला ये, आमच्या घरची चाल बघायला मिळेल. फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं, की उद्या वाचन तिचं, म्हणजे कबुलीही तिचीच. भार्गवीच्या देखत उभं राहायचं आणि सांगायचं काय? शिडीची गोष्ट? त्या घरात उभं राहून आजवर कोणी खोटं बोललं नव्हतं. बसून खुशाल बोलत असतील, उभं राहून नाही.

शेवटी तिनं कपाट उघडलं, मेणकापड सोडलं, चष्मा लावला. म्हटलं, ज्याच्यासाठी खोटं बोलले ते निदान पुरतं वाचू तरी. दुसरा स्तंभ रघुजींनी असा सुरू केला होता:

"सही करताना माझा हात कापला नाही, हे मी प्रथम नमूद करतो. मी मनाशी म्हणालो, की एका मेलेल्या माणसासाठी जिवंत मंडळीत फूट पाडू नये. आज आठ वर्षे मी ख्रिस्ती कर्तव्यावर व्याख्याने देतो आहे, आणि प्रत्येक व्याख्यानात शिद्राम शेवटच्या बाकावर बसून ऐकतो. वाचकहो, या पत्रात मी सरकारला, मिशनऱ्यांना, हिंदूंना आणि ख्रिस्त्यांना जे जे सुनावले, ते सर्व मी त्या एका सहीपासून शिकलो. ज्याने कधी अन्याय केला नाही त्याला अन्यायाची व्याख्या पाठ असते. मला अन्याय ओळखीचा आहे."

अक्का खुर्चीत सावरून बसली. बाहेर बसस्टँडवर कंडक्टर आनेकल, आनेकल म्हणून ओरडत होता. तिनं पुढे वाचलं.

"गेल्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहून हे सर्व शिद्रामच्या नावासह बोललो, आणि ठराव रद्द करा म्हणालो. मंडळीने ठराव ठेवला आणि मला काढले. शाळेची नोकरीही गेली; छापखान्याचा आधार मिशनचाच होता, तेव्हा हा अंक शेवटचा. माझ्या मुलांना माझी एवढीच विनंती, की कोणी माझ्याविषयी चांगले बोलण्यास उभा राहील, त्याने आधी स्वतःची चूक बोलावी. आणि ज्या माझ्या वंशजाला माझा अभिमान वाटेल, त्याने प्रथम शिद्राम दानियल यास कुंपणाच्या आत आणावे. तोवर माझा अभिमान बाळगण्याचा अधिकार कोणास नाही."

शालनअक्कानं चष्मा काढला. पुन्हा लावला. शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. मग "अगं बाई, शालन!" असं स्वतःलाच म्हणाली, आणि चक्क रडली. चूक लपवली म्हणून नव्हे, ती तर तिला माहीतच होती. काम लपवलं होतं तिनं! आजोबांनी, वडिलांनी, तिनं, तिघांनी मिळून पणजोबांनी सांगितलेलं काम साड्यांखाली दाबून ठेवलं होतं, आणि वर त्यांच्याच नावानं माना ताठ करून फिरत होते. एकोणपन्नास वर्षं फक्त एक घडी उघडायची होती.

तिनं धाकट्या भावाला फोन लावला. सूर्यकांत आनेकलला राहायचा, एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला, गोष्ट ऐकण्याआधी मत देणारा.

सगळं ऐकून म्हणाला, "अक्का, तू आता गप्प बस. पुस्तक निघू दे. प्रकाशनाला मंडळाचे लोक येणारेत, बिशपसाहेब येतो म्हणालेत. वर्षभरानं काय ते बघू."

"एकशे एकोणीस वर्षं झाली अंकाला, सूर्या. आणखी एक कशाला?"

"अगं, आपल्याकडे आहे काय त्या माणसाशिवाय? लोक विचारतात, तुम्ही कोण, तेव्हा मी त्यांचं नाव सांगतो. माझ्या नातवंडांनी काय सांगायचं? की आमच्या खापरपणजोबांनी एका गरिबाला रस्त्यावर पुरलं?"

अक्काला राग आला असता तर सोपं होतं. पण सूर्यकांतचा आवाज चिरकला होता, आणि तो बोलत होता ते तिचंच होतं, शब्दसुद्धा तिचेच.

"ते सांग," ती म्हणाली, "आणि पुढचंही सांग. की मग ते उभे राहिले आणि बोलले आणि सगळं गेलं तरी शब्द मागे घेतला नाही. तू नोकरी घालवून खरं बोलला असतास का रे? मी नसते बोलले. फुकटचं खरं बोलायचं होतं गेल्या शनिवारी, तरी नाही बोलले."

मग सूर्यकांत म्हणाला, "मी उद्या येतो. पण मला पटलेलं नाही." आणि फोन ठेवला.

रविवारी बाराच्या सुमारास घर भरलं. सूर्यकांत, त्याची मुलं-सुना, नातवंडं, दोन चुलत घरं, सगळे मिळून एकोणीस माणसं आणि भार्गवी. भार्गवी पुण्याहून आणलेली बाकरवडी हातात घेऊन कोपऱ्यात अवघडून बसली होती. स्वयंपाकघरात मटण शिजत होतं आणि पोरांचं लक्ष सगळं तिकडे.

शालनअक्का उभी राहिली. तिच्या हातात दरवर्षीची लेखांची वही नव्हती, पिवळं पडलेलं एकच छापील पान होतं. सूर्यकांतनं ते बघितलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"मी भार्गवीशी खोटं बोलले," अक्का म्हणाली. "अंक वाळवीनं खाल्ला म्हणाले. वाळवी मीच. आठ दिवस तिनं त्या अंकासाठी म्हैसूरपर्यंत पत्रं पाठवली, आणि तो माझ्या कपाटात होता. ती माझ्याकडे लेकीसारखी जेवली आणि मी तिला फसवलं. हे माझं यंदाचं. आणि दुसरं, एकोणपन्नास वर्षांचं, ते वाचल्यावर तुम्हांला कळेल."

भार्गवीनं तोंडावर हात ठेवला. अक्कानं वाचायला सुरुवात केली. वॉर्डात ओरडून ओरडून कमावलेला आवाज होता. सत्तावीस प्रेतं आली, ठराव आला, सही आली, आवाज हलला नाही. 'शिद्राम शेवटच्या बाकावर बसून ऐकतो' इथं मात्र तिला थांबावं लागलं. एका सुनेनं पाणी आणून दिलं. ते न पिताच तिनं शेवटपर्यंत वाचलं.

वाचन संपलं. मटणाचा वास घरभर होता आणि एकाही पोरानं कधी जेवायचं असं विचारलं नाही.

सूर्यकांत खिडकीशी उभाच होता. मग वळला. "उभाच आहे तर बोलतो," म्हणाला. "आमच्या सोसायटीतला गटार साफ करणारा नागराज. चार वर्षं येतोय. त्याला मी पाणी देतो, पण बाहेरच्या नळाचं. घरात पाण्याचा फिल्टर आहे." एवढं बोलला आणि खाली बसला, आणि बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या घरात एका दिवसात दोन कबुल्या कधी झाल्या नव्हत्या. त्या दिवशी सात झाल्या. जेवायला तीन वाजले.

जेवणं झाल्यावर भार्गवी अक्काजवळ आली. अक्का म्हणाली, "रागाव. तुझा हक्कच आहे."

"रागावलेय," भार्गवी म्हणाली. "खूपच. पण मावशी, गेलं वर्षभर मला एकच कळत नव्हतं. हा माणूस इतका हुशार, आणि एकदाही वरून बोलत नाही. उपदेश करतो, पण शेजारी बसल्यासारखा. मला वाटायचं ती स्टाइल आहे." तिनं डोळे पुसले. "प्रेसला मी उद्या थांबवते. हा अंक कुठे घालू? शेवटी?"

"पहिल्या पानावर," अक्का म्हणाली. "तो वाचल्याशिवाय पुढचे एक्कावन्न कोणाला वाचायला मिळता कामा नयेत."

पण पुस्तकानं अर्धंच काम होणार होतं. मंगळवारी सकाळी अक्का पाळकसाहेबांकडे गेली. तरुण मनुष्य होता, देवनहळ्ळीकडचा, कन्नड बोलणारा. त्याला तिनं सगळा अंक कन्नडमध्ये समजावून सांगितला. समितीला गोळा करून बोलायला त्याला पंधरा दिवस लागले, ठराव व्हायला दहा मिनिटं. विरोधाला एकही हात वर आला नाही. एक म्हातारे सभासद तर म्हणाले, त्या सत्तावीस जणांत माझी पणजी असणार. अडचण एकच होती. जुनं कबरस्तान, तीळ ठेवायला जागा नाही, सरकारनं नव्या कबरींना मनाई केलेली. ज्यांच्या घराण्याची जागा आधीपासून नावावर आहे तेवढ्यांनाच मुभा. अमोलिकांच्या तुकड्यात एकच जागा शिल्लक होती, रघुजींच्या डाव्या हाताला. जिवंतपणी काढलेल्या रघुजींना मंडळीनं मेल्यावर मात्र आत घेतलं होतं. आणि ती वहीत शालन अमोलिक या नावानं लिहिलेली होती, तिच्याच अर्जावरून.

"मग खोडा ते नाव," अक्का म्हणाली.

सूर्यकांत सोबत आला होता. "आणि तू?"

"मला काय, शहराबाहेर नवं कबरस्तान आहे की. बसनं या."

"अक्का, थट्टा नको. लहानपणापासून म्हणतेस, मला रघुजींच्या शेजारी..."

"म्हणायचे," अक्का म्हणाली. "तेव्हा मला वाटायचं ती जागा माझी आहे. ती दुसऱ्याची होती, मी अडवून बसले होते." सही करताना तिचा हात थोडा थरथरला. पण सही झाली ती ठसठशीत, पूर्ण नावानिशी.

कुंपणाबाहेर आता रुंद रस्ता आहे, फुटपाथ आहे, त्यावर नारळपाणीवाला बसतो. शिद्रामचं काही मिळणं शक्यच नव्हतं. फुटपाथच्या कडेला भिंतीशी थोडी उघडी माती होती, ती अक्कानं स्वतःच्या हातानं परडीत भरली, आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना केल्यावर स्वतःच आत आणली. सूर्यकांतनं परडीला हात लावला, पण उचलू दिली नाही तिनं. "तू मागून ये," म्हणाली.

दगड शिवाजीनगरच्या कल्लाप्पानं घडवला. मूळचा निपाणीकडचा, मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं सारखीच देखणी काढणारा. छिन्नीला हात लावण्याआधी पूर्ण मजकूर तीनदा मोठ्यानं वाचायची त्याची शिस्त होती, कारण दगडात चुकलं की चुकलं. अक्कानं दिलेला मजकूर वाचायला त्याला वेळ लागला नाही. शिद्राम दानियल, सन अठराशे अठ्ठ्याण्णव. याने आमचे मृत वाहिले.

दगड बसवायला तो स्वतः आला. कडेचं सिमेंट सारखं करता करता त्यानं एकदा नव्या दगडाकडे पाहिलं, एकदा शेजारच्या जुन्या काळ्या दगडाकडे, आणि विचारलं, "दोघं शेजारी शेजारी. भाऊ होते काय, अक्का?"

"नाही," शालनअक्का म्हणाली. "एकानं चूक केली, दुसऱ्यानं ती सोसली."

कल्लाप्पाची थापी थांबली. "मग यातले तुमचे कोण?"

सूर्यकांतनं बहिणीकडे पाहिलं. आजूबाजूला मंडळीतले वीसेक लोक होते, पाळकसाहेब होते, भार्गवी होती. शालनअक्का सरळ उभी राहिली, मान वर केली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"चूक करणारा. तो माझा पणजोबा."